गाण्याच्या वर्गाबाहेर काढलेला आवाज

भायखळ्याला वाढलेल्या उषा सामी नावाच्या मुलीला शाळेत गाण्याच्या वर्गातून बाहेर काढलं होतं. आवाज जाड, खर्जातला. बाकीच्या मुलींच्या आवाजात तो मिसळायचाच नाही. पोरीत संगीत आहे हे शिकवणाऱ्यांना कळलं, पण त्यावरचा उपाय म्हणून तिच्या हातात वाजवायला ट्रँगल वगैरे दिलं गेलं. गाऊ मात्र दिलं नाही. हीच मुलगी १९६९मध्ये मद्रासच्या नाइट क्लबमध्ये साडी नेसून इंग्रजी गाणी म्हणायला उभी राहिली आणि उषा उथुप म्हणून देशाला माहीत झाली. २०२४मध्ये तिला पद्मभूषण मिळालं.

उषा उथुप काही अल्टरनेटिव्ह रॉक गात नाहीत. तरी या इतिहासाची सुरुवात त्यांच्यापासून करावी लागते, कारण प्रश्न तोच आहे: बाईचा ‘चांगला’ आवाज कोणता, हे कोण ठरवतं?

आपल्याकडे सिनेमाने ते बऱ्याच अंशी ठरवून टाकलं होतं. उंच पट्टी, बारीक आणि नितळ सूर. महाराष्ट्राला दुसरा आवाज ठाऊक नव्हता असं नाही. विठाबाई नारायणगावकरांचा, यमुनाबाई वाईकरांचा खुला, दमदार गळा तमाशाच्या फडात आणि लावणीच्या बैठकीत होताच. पण त्याची जागा घराबाहेर. सभ्य घरातल्या मुलीने तसं गायचं नाही, हा अलिखित नियम.

मुंबईतच १९४५मध्ये जन्मलेल्या आशा पुथलींनी तर शहरच सोडलं. शास्त्रीय संगीताची तालीम घेतलेल्या या गायिकेने अमेरिकेत जाऊन १९७१मध्ये ऑर्नेट कोलमन या जॅझमधल्या बंडखोर माणसाच्या ‘सायन्स फिक्शन’ अल्बमसाठी दोन गाणी गायली. त्यांच्या ‘स्पेस टॉक’ या १९७६च्या गाण्याचे तुकडे पुढे हिप-हॉपवाल्यांनी उचलले. इथे ज्या आवाजाचं काय करायचं कळलं नसतं, त्याचं तिथे नाव झालं.

आता अल्टरनेटिव्हकडे. १९८०च्या दशकात अमेरिका आणि ब्रिटनमध्ये मोठ्या कंपन्या आणि मोठी रेडिओ स्टेशनं यांच्या बाहेर, कॉलेज रेडिओ आणि छोट्या लेबलांच्या आधाराने हे संगीत वाढलं. बाजाराला गुळगुळीत माल हवा होता. इथे ओबडधोबड चालत होतं. म्हणून ज्या बायकांना पॉपमध्ये ‘नीट गा’ म्हणून सांगितलं गेलं असतं, त्या इथे आपल्या आवाजात गायल्या. पीजे हार्वी १९९२मध्ये ‘ड्राय’ घेऊन आली. ब्रिटनचा मर्क्युरी पुरस्कार दोनदा मिळवणारी ती एकमेव कलाकार. क्रॅनबेरीजची डोलोरेस ओ’रिऑर्डन सूर मध्येच फुटू द्यायची, आणि तो फुटलेला सूर हीच तिची ओळख झाली. तिचं ‘झॉम्बी’ १९९३च्या वॉरिंग्टन बॉम्बस्फोटावर आहे. त्यात दोन लहान मुलं गेली. अशा गोष्टीवर गोड आवाजात काय गाणार?

त्याच काळात अमेरिकेत बिकिनी किल बँडच्या कॅथलीन हॅनाने आणखी एक गोष्ट केली. रॉकच्या गर्दीत पुढची जागा धक्काबुक्की करणाऱ्या मुलांची असायची. हॅना स्टेजवरून सांगायची, मुलींनी पुढे या, मुलांनी मागे व्हा. गाण्याइतकीच ही सूचना महत्त्वाची होती. आवाज कोणाचा, याच्या जोडीला जागा कोणाची, हा प्रश्न तिने उघड विचारला.

हा प्रश्न नवीन पनवेलमधून पाहिला की जास्त टोचतो. मुंबईत १९८६पासून ‘इंडिपेंडन्स रॉक’ भरायचं ते धोबी तलावच्या रंगभवनात. सिडकोच्या या वसाहतीतून तिथे जायचं म्हणजे एक मोहीमच. पनवेलपर्यंत लोकल आली १९९८मध्ये. आल्यावरही सीएसटीहून घरी पोचायला सव्वा तासाच्या वर. कार्यक्रम रंगात येतो तेव्हाच घड्याळ बघायचं, आणि मग रात्रीच्या लेडीज डब्यात कोण असेल याचा हिशोब. मुलगा असेल तर घरून विचारतात, ‘जेवून येणार का?’ मुलगी असेल तर, ‘कोण सोडायला येणार?’ म्हणून इथल्या बऱ्याच मुलींना डोलोरेस भेटली ती केबलवर, एमटीव्हीवर, हॉलमध्ये आवाज कमी ठेवून. पुढची रांग सोडाच, मागचीही नाही.

शहरात दरम्यान बायका स्टेजवर आल्या. मोनिका डोग्राने रँडॉल्फ कोरियाबरोबर ‘शायर अँड फंक’ सुरू केलं. त्यांचा पहिला अल्बम २००७चा. सुमन श्रीधरने कवी जीत थयिलबरोबर ऑपेरा, जॅझ आणि हिंदुस्तानी यांची अशी मोट बांधली की तिला कुठल्याच खणात बसवता येईना. शिलाँगच्या सोलमेट बँडची टिप्रिती खारबंगार ब्लूज गाताना गळा राखून ठेवत नाही. पण लोअर परळच्या गिरणीच्या आवारातला ब्लू फ्रॉगसारखा क्लब, तिथलं तिकीट आणि तिथली रात्र पनवेलच्या मुलीसाठी लांबच राहिली.

मग संगीतच हार्बर लाइनवर आलं. १५ डिसेंबर २०१९ला नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये यू टू वाजलं. पनवेलहून नेरूळ काही स्टेशनांवर. त्या रात्री पडद्यावर जगभरच्या कर्तबगार बायकांची चित्रं झळकली, त्यात गौरी लंकेश होत्या. ए. आर. रहमानच्या मुली स्टेजवर येऊन गायल्या. पण मुख्य बँडमधले चौघंही पुरुषच. पडद्यावर बाई आणि माइकवर बुवा, हेही इतिहासात नोंदवून ठेवायला हवं.

आज फोनवर पीजे हार्वीपासून सुमन श्रीधरपर्यंत सगळ्या सापडतात. हेडफोन लावले की आवाजाचा प्रश्न सुटल्यासारखा वाटतो. जागेचा सुटलेला नाही. आवडत्या गायिकांची यादी आपण सगळेच करतो. त्या यादीतली एक तरी गायिका समोर उभी राहून ऐकून, रात्री बाराला एकटीने निर्धास्त घरी येता येतं का, हे एखाद्या मैत्रिणीला विचारून बघा. उषा सामीला वर्गात परत घ्यायला आपल्याला काही दशकं लागली. मुलींना पुढच्या रांगेत यायला किती लागणार, हे गायिकांपेक्षा शेवटच्या लोकलवर जास्त अवलंबून आहे.