बुराडीच्या घाटावर

नोकरीनिमित्त दिल्लीत आलेला मराठी माणूस पहिल्याच हिवाळ्यात पानिपतला जाऊन येतो. काला आंब येथे माथा टेकतो, भाऊसाहेब आणि विश्वासराव यांचे स्मरण करतो व संध्याकाळी घरी परततो. जाताना कर्नाल रस्त्यावर दिल्लीची हद्द संपण्यापूर्वीच उजव्या हाताला बुराडी मागे पडलेली असते, हे बहुधा त्याच्या ध्यानी येत नाही. माझ्याही आले नव्हते.

दत्ताजी शिंदे पडले ते याच बुराडी घाटावर, १० जानेवारी १७६० रोजी. तो संक्रांतीचा दिवस होता. (त्या काळी संक्रांत चार-पाच दिवस आधी येत असे.) ही कथा आपण शौर्याची म्हणून ऐकत आलो. ती नदीचीही आहे, हे काठावर उभे राहिल्याखेरीज उमगत नाही.

अब्दाली यमुना उतरून दुआबात नजीबखान रोहिल्यास मिळाला होता आणि पूर्व काठाने दिल्लीसमोर येऊन ठेपला होता. पश्चिम काठ राखणे दत्ताजींकडे आले. पौषात यमुनेचे पाणी ओसरते, ठिकठिकाणी उतार मिळतो. प्रत्येक उतारावर चौकी बसवावी तर फौज विखुरते; न बसवावी तर शत्रू तेथूनच येतो. त्यातच पात्रात झाऊ आणि लव्हाळ्यांचे दाट रान माजलेले. भालाईत स्वाराला तेथे घोडा वळवायला जागा नाही. बंदूक घेऊन दबा धरलेल्या रोहिल्याला मात्र तोच आडोसा. दत्ताजी गोळी लागून कोसळले, कुत्बशाहाने त्यांचे शिर कापले. पुतणे जनकोजी दंडात गोळी लागून जायबंदी झाले आणि उरलेली फौज कोटपुतळीकडे हटली.

बुराडीलगतच्या जगतपूर गावाजवळ आज यमुना जैवविविधता उद्यान आहे. दिल्ली विकास प्राधिकरणाने दिल्ली विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांच्या साहाय्याने २००२ पासून हे काम हाती घेतले. क्षारांनी नापीक झालेल्या जमिनीवर पाणथळी आणि पूरमैदानातले गवताळ रान पुन्हा उभे केले. दोन टप्पे मिळून क्षेत्र ४५७ एकर. हिवाळ्यात येथे लालसरी बदके उतरतात. २०१६ मध्ये तर एक बिबट्याच येऊन राहिला होता. हे रान पक्ष्यांसाठी राखले आहे, दत्ताजींसाठी नव्हे. तरीही रणभूमी कशी असेल हे समजून घ्यायला याहून चांगली जागा मला दिल्लीत आढळली नाही. लव्हाळ्यांच्या कडेला उभे राहिले की दहा पावलांवरचा माणूस दिसत नाही. बखरींची पाने चाळून जे कळले नव्हते, ते तेथे क्षणात कळले.

दिल्लीकर मराठी मंडळींच्या गप्पांत बुराडीच्या स्मारकाचा विषय निघतो. चबुतरा, अश्वारूढ पुतळा, सभोवती फरसबंदी अशी कल्पना असते. भावना रास्त आहे, पण पूरमैदान हे दिल्लीच्या बृहद् आराखड्यातील ‘ओ’ क्षेत्र, आणि राष्ट्रीय हरित लवादाने जानेवारी २०१५ च्या निकालात तेथील बांधकामास मनाई केली आहे. प्रशासनात आयुष्य गेल्यामुळे अशा अर्जाचा प्रवास मला ठाऊक आहे. आणि खरे सांगायचे तर अर्ज मंजूर झाला, तरी ज्या भूमीने त्या लढाईचा निकाल लावला, तीच आपण फरशीखाली गाडू.

याचे उदाहरण नोएडात आहे. ११ सप्टेंबर १८०३ रोजी जनरल लेकने शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला, त्या पटपडगंजच्या लढाईचा स्मृतिस्तंभ तेथील गोल्फ मैदानात उभा आहे. शिंद्यांकडून लुई बुर्कां हा फ्रेंच सेनानी लढत होता. माघार घेताना कित्येक शिपाई यमुनेत बुडाले. स्तंभ शाबूत आहे, पण भोवती हिरवळ, कुंपण आणि उंच इमारती. तेथे उभे राहून फौजा कोठे होत्या, नदी कोणीकडे होती, काहीच उमजत नाही.

माझी सूचना साधी आहे. १० जानेवारीला उद्यानाची परवानगी काढून दहा-पंधरा जणांनी सकाळी पायी हिंडावे. बरोबर एक पक्षी ओळखणारा असावा, एक इतिहास जाणणारा. मुलांना अवश्य न्यावे. धुके असते, तेव्हा गरम कपडे आणि दुर्बीण हवी. तिळगूळ कोणीतरी आणतोच.