घोडा कोणाचा?

मालवणच्या किनाऱ्यावर घोड्यांविषयी बोलू लागलो, तर श्रोते हसतील याची आम्हांला कल्पना आहे. येथे वाहन म्हणजे होडी! तरीही विषय दारातलाच आहे. एके काळी दख्खनच्या रणांगणावरचा उत्तम घोडा समुद्रावरून येत असे, आणि त्या वाटेची किल्ली शेजारच्या गोव्यात होती.

प्रथम दूरची हकीकत पाहू. अमेरिका खंडातला मूळचा घोडा सुमारे १०,००० वर्षांपूर्वी नामशेष झाला. कोलंबसाने १४९३ साली, दुसऱ्या सफरीत, तो पुन्हा तिकडे नेला. १५१९ साली कोर्तेस मेक्सिकोत उतरला तो अवघे १६ घोडे घेऊन. लोकांनी असा प्राणी पाहिलाच नव्हता, ते भ्याले. पण त्लाश्कालाच्या लढवय्यांनी एक घोडी मारली आणि तिचे तुकडे गावोगाव फिरवले. हाही प्राणी मरतो, हे लोकांना कळले.

पुढे स्पॅनिश सत्तेने तद्देशीयांना घोड्यावर बसण्याची मनाई केली. मात्र तबेला झाडायला, दाणापाणी करायला आणि गुरे राखायला हात त्यांचेच लागत. मालकाने विद्या दिली नाही. ती कामातून मिळाली. न्यू मेक्सिकोतील प्वेब्लो लोकांनी १६८० साली उठाव करून स्पॅनिशांना हाकलले, तेव्हा पुष्कळ घोडे त्यांच्या हाती आले. त्याच्याही आधी घोडा उत्तरेकडील मैदानांतल्या लोकांपर्यंत पोचला होता, असे २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या हाडांच्या अभ्यासाने दाखवले आहे.

आता आपल्याकडे वळू. आपल्याला घोडा नवा नव्हता. पण मोठी फौज उभारायची तर अरबस्तान-इराणकडचे जनावर हवे असे. पंधराव्या शतकाच्या अखेरीस विजयनगरच्या साळुव नरसिंहाला घोड्यांची इतकी निकड होती, की वाटेत समुद्रात मेलेल्या घोड्याची नुसती शेपटी दाखवली तरी तो पूर्ण किंमत देई, असे न्यूनिश हा पोर्तुगीज लिहितो. ही निकड पोर्तुगीजांनी हेरली. १५१० साली त्यांनी गोवा घेतला, १५१५ साली होर्मुझ. आणि घोड्यांची गलबते गोव्याकडेच वळवली. १५४७ च्या तहाने गोव्यातले घोडे विजयनगरला मिळावेत, विजापूरला मिळू नयेत, असे ठरले. अमेरिकेत कायद्याने अडवले, येथे बंदराने, हेतू एकच.

आम्ही कामगार चळवळीत आयुष्य घालवलेली माणसे. इतिहास वाचतानाही हत्यार कोणाच्या मालकीचे, हा प्रश्न आम्हांला आधी सुचतो. शिवछत्रपतींच्या घोडदळाकडे त्या दृष्टीने पाहावे. शिलेदाराचा घोडा स्वतःचा. बारगिराचा घोडा सरकारचा. ज्या शेतकऱ्याच्या पोराला घोडा विकत घेण्याची ऐपत नव्हती, तोही बारगीर म्हणून स्वार होऊ शकला. सभासदाच्या बखरीत २५ बारगिरांमागे एक हवालदार सांगितला आहे, तसाच एक पखालजी आणि एक नालबंदही. पाणी वाहणारा आणि नाल ठोकणारा यांच्यावाचून पागा चालत नाही, हे त्या राज्यकर्त्याने जाणले होते. शिवाय या फौजेचा भर मुख्यतः काटक दख्खनी घोड्यावर होता. त्यामुळे परक्या बंदराची नाडी तिला तितकी जाचली नाही.

आणि बंदराचे महत्त्व? तेही महाराजांनी ओळखले. १६६४ साली समोरच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचे काम सुरू झाले, ते त्याचसाठी.

तेव्हा, विजेत्यांनी घोडा 'दिला' असे म्हणणे खरे नव्हे. तो त्यांनी आणला आणि अडवून धरला. लोकांनी तो राबून आपलासा केला. श्रोतेहो, आज आपल्या किनाऱ्यावर घोड्याच्या जागी यांत्रिक नौका आहे. रापण ओढणारा आणि दुसऱ्याच्या नौकेवर राबणारा खलाशी यांनी हाच प्रश्न विचारायचा आहे : नौका चालवतो कोण, आणि ती कोणाची?