घोळ भाजी : शेतातलं तण की ओमेगा-३चा खजिना?

खुरपणी करताना जी तणं उपटून बांधावर फेकली जातात, त्यात एक हमखास असते : घोळ. हीच घोळ सध्या 'सुपरफूड' म्हणून मोबाइलवर फिरतेय. त्यातलं खरं किती?

ओळखायची कशी?

घोळ जमिनीलगत पसरते. देठ लालसर आणि रसाळ, पानं जाडसर, गुळगुळीत, फुलं लहान पिवळी. शास्त्रीय नाव पोर्टुलाका ओलेरासिया, हिंदीत कुल्फा. विदर्भ-मराठवाड्यात आवडीने खाल्ली जाणारी बारीक पानांची चिवळ ही तिचीच बहीण.

एक खूण लक्षात ठेवा. घोळचा देठ मोडला की पाण्यासारखा रस येतो. पांढरा चीक आला, तर ती घोळ नाही, नायटीसारखं दुसरं तण आहे. ते खाऊ नका.

पोषण किती?

अमेरिकी कृषी विभागाच्या आकडेवारीनुसार १०० ग्रॅम कच्च्या घोळमध्ये सुमारे ४९४ मिलीग्रॅम पोटॅशियम, ६८ मिलीग्रॅम मॅग्नेशियम आणि २१ मिलीग्रॅम क जीवनसत्त्व असतं. उष्मांक जेमतेम २०.

पण तिची खरी ओळख ओमेगा-३ ही आहे. १९८६ मध्ये डॉ. आर्टेमिस सिमोपोलस आणि त्यांच्या सहकाऱ्याने याकडे लक्ष वेधलं. १०० ग्रॅम ताज्या पानांत सुमारे ३०० ते ४०० मिलीग्रॅम अल्फा-लिनोलेनिक आम्ल मिळतं. पालेभाजीच्या मानाने हे भरपूर आहे.

मग मासे खायची गरज नाही?

असं नाही. माशांतलं ओमेगा-३ वेगळ्या प्रकारचं असतं. घोळमधल्या आम्लाचं त्यात रूपांतर करण्याची आपल्या शरीराची क्षमता फार कमी आहे. त्यामुळे शाकाहारींसाठी जवस आणि अक्रोडासोबत घोळ हा चांगला पर्याय आहे, पण ती माशांची जागा पूर्णपणे घेत नाही.

मधुमेह बरा होतो का?

नाही. घोळच्या बिया आणि अर्कावर मधुमेहासंदर्भात छोट्या चाचण्या झाल्या आहेत. पण भाजी खाऊन मधुमेह बरा होतो, असं त्यातून सिद्ध होत नाही. फॉरवर्ड वाचून गोळ्या बंद करणं धोक्याचं आहे.

कोणी जपून खावी?

पालकाप्रमाणेच घोळमध्ये ऑक्झलेट खूप असतं. मूतखड्याचा किंवा किडनीचा त्रास असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. घोळचा कच्चा ज्यूस रोज पिण्याचा सल्ला तर अशांनी अजिबात मानू नये. किडनीच्या रुग्णांना यातलं पोटॅशियमही बाधू शकतं.

इतरांनी भाजी उकडून पाणी टाकून दिलं, तर ऑक्झलेट कमी होतं. दह्याबरोबर खाल्ल्यानेही फायदा होतो, कारण दह्यातलं कॅल्शियम ऑक्झलेटला बांधून ठेवतं. घोळची ताकातली भाजी म्हणूनच चवीलाही छान आणि सोयीचीही.

तोडताना काय बघाल?

तणनाशक किंवा कीटकनाशक फवारलेल्या शेतातली, गटाराकाठची घोळ घेऊ नका. शेत दुसऱ्याचं असेल तर फवारणी कधी झाली, हे आधी विचारा. पानांना माती चिकटलेली असते, म्हणून दोन-तीन पाण्यांतून धुवा. पहाटे तोडलेली पानं जास्त आंबट लागतात, कारण रात्रभरात त्यांत मॅलिक आम्ल साठतं. दुपारनंतर हा आंबटपणा कमी होतो.

थोडक्यात, घोळ औषध नाही, पण फेकून द्यायचं तणही नाही. आठवड्यातून एकदा डाळीत घालून करायची ती एक चांगली, फुकटात मिळणारी भाजी आहे.