पहिलं लेथ : नवं घ्यावं की जुनं, आणि त्यात माझं प्रकरण कसं अडकलं

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी मी लाकडाचं लेथ विकत घ्यायला निघाले. हौस म्हणून नाही. प्रकरणाचा कच्चा खर्डा वाचून सरांनी एकच प्रश्न विचारला होता : "लेथवर चाळीस पानं लिहिलीस, पण हात कधी लावलायस का?" लावला नव्हता. मग लेथ शोधणं आलं, आणि पहिल्याच दिवशी प्रत्येक नवशिक्याला पडतो तो प्रश्न पडला. नवं घ्यावं की जुनं?

या प्रश्नामुळे माझं प्रकरण मोडलं. संशोधनाची तयारी करणाऱ्यांना त्याचा उपयोग व्हावा म्हणून ते कसं मोडलं हे जरा सविस्तर सांगते.

माझी मांडणी अशी होती. आधी दोरी ओढून फिरणारं लेथ. मग लवचीक दांड्याचं, म्हणजे डोक्यावर एक लवलवती फांदी, तिला बांधलेल्या दोरीचा वेढा लाकडाला आणि खाली पायपट्टी. मग चाक आणि क्रँक असलेलं, सतत एकाच दिशेने फिरणारं. मग वाफ, मग वीज. एकेक पायरी चढत जाणारा छान जिना. पुरावेही हाताशी होते. इजिप्तमध्ये तुना एल-गेबेल इथे पेटोसिरिसची कबर आहे, इ. स. पू. ३०० च्या सुमाराची. तिथल्या शिल्पात एकजण दोरी ओढतोय आणि दुसऱ्याने हत्यार धरलंय. (चित्रात लाकूड उभं दिसतं. ते खरंच उभं धरत होते की इजिप्शियन चित्रकाराची ती पद्धत होती, यावर मतभेद आहेत. चित्र हा पुरावा असतो, पण ते छायाचित्र नसतं, हे तेव्हाच वहीत लिहून ठेवायला हवं होतं.) पुढे लिओनार्दो दा विंचीच्या कागदांत पायाने चालवायच्या, जड चाकाच्या लेथचं रेखाटन सापडतं. १७०१ साली शार्ल प्लुमिए या फ्रेंच पाद्र्याचा कातकामावरचा मोठा ग्रंथ लिओंमध्ये छापला गेला. आणि मग येतात होल्टझॅप्फेल.

इथे थांबायलाच हवं. जॉन जेकब होल्टझॅप्फेल हा स्ट्रासबुर्गहून लंडनला आलेला कारागीर. त्याच्या कंपनीने १७९५ मध्ये पहिलं लेथ विकलं, किंमत २५ पौंड ४ शिलिंग १० पेन्स. आकडा बघून पुढे जाऊ नका, गुणाकार करा. २० शिलिंगांचा एक पौंड, म्हणजे हे ५०४ शिलिंगांच्या वर गेलं. तेव्हा इंग्लंडमधला शेतमजूर आठवड्याला नऊ-दहा शिलिंग मिळवायचा. एक लेथ म्हणजे त्याची साधारण वर्षभराची मजुरी. ही यंत्रं घेणारे पोटासाठी कातकाम करणारे नव्हते. सरदार, धनिक, फुरसत असलेले पाद्री, हस्तिदंत आणि आफ्रिकन काळ्या लाकडावर नक्षी काढणारे हौशी लोक. कंपनीने प्रत्येक लेथला क्रमांक दिला. १८३५ मध्ये होल्टझॅप्फेल वारला तोवर सुमारे १६०० लेथ विकली गेली होती आणि एकूण आकडा अडीच हजारांच्या आसपास गेला. क्रमांक असल्यामुळे आजही जुनं होल्टझॅप्फेल घेणारा माणूस आपलं यंत्र साधारण कधीचं ते काढू शकतो. इंग्लंडमध्ये १९४८ पासून अशा नक्षीदार कातकामाची संस्थासुद्धा आहे. इतिहासकाराला आणखी काय हवं? क्रमांक, किंमत, मालक, आणि बऱ्याचदा यंत्रही शाबूत. माझ्या चाळीसपैकी तेवीस पानं याच लोकांवर होती.

आता जुनं लेथ शोधण्याकडे वळते. एका भंगारवाल्याकडे एक यंत्र दिसलं, हिरवा रंग चकचकीत. मी जवळजवळ पैसे काढले होते. सोबत आलेल्या सुतारकाकांनी हेडस्टॉकचा स्पिंडल धरून फक्त पुढे-मागे ढकलला. खट् आवाज झाला. "बेअरिंग गेलंय. आणि रंग बघ, पोरी. जुन्या यंत्राला नवा रंग का लावतात?" मग त्यांनी टेलस्टॉक सरकवत हेडस्टॉकपर्यंत आणला. दोन्हीकडची टोकं एकमेकांसमोर यायला हवी होती, ती काडीभर चुकत होती. बेडवर पट्टी ठेवून उजेडाच्या बाजूने पाहिलं. स्पिंडलचे आटे बोटाने चाचपले. दहा मिनिटांत निकाल : "हे नको."

परतीच्या रस्त्यात मी विचारलं, "काका, तुम्ही शिकलात ते लेथ कुठंय?"

"कुठं असणार? लाकडाचंच होतं. मोडलं, बंबात घातलं."

त्या रात्री प्रकरण उघडलं आणि पोटात गोळा आला. क्रमांक असलेली, लोखंडाची, वर्षभराच्या मजुरीइतकी महाग यंत्रं टिकली, म्हणून मी त्यांच्यावर लिहिलं होतं. ज्यांच्यावर खरोखर लाखो वस्तू कातल्या गेल्या, ती बंबात गेली होती.

हाय विकमचं उदाहरण घ्या. इंग्लंडमधलं हे गाव खुर्च्यांसाठी प्रसिद्ध. आसपासच्या चिल्टर्न टेकड्यांवर बीचची जंगलं. तिथे 'बॉजर' म्हणवले जाणारे कारागीर जंगलातच बसून ओल्या लाकडाचे खुर्च्यांचे पाय आणि आडवे दांडे कातायचे, आणि ते गावातल्या कारखान्यांना विकायचे. कशावर? फांदी आणि दोरीच्या लेथवर. हे विसाव्या शतकात आलं तरी चालू होतं. म्हणजे लिओनार्दोच्या चाकानंतर चारशेहून जास्त वर्षांनी आणि हेन्री मॉडस्लीच्या सुप्रसिद्ध स्क्रू कापणाऱ्या लेथनंतर शंभर वर्षांनी. माझ्या जिन्यात ही माणसं तीन पायऱ्या खाली उभी होती, आणि त्यांचा माल मात्र घरोघरी पोचत होता.

त्यांना चाक माहीत नव्हतं का? माहीत असणारच. पण त्यांचा हिशेब वेगळा होता. लोखंडी टोकं आणि पटाशा पिशवीत, बाकी सगळं जंगलात तोडून उभं करायचं. ओलं लाकूड मऊ कापलं जातं, त्याला वेग फार लागत नाही. पाय दाबला की लाकूड तुमच्याकडे फिरतं तेव्हा कापायचं, पाय उचलला की ते उलटं फिरतं तेव्हा पटाशी किंचित मागे घ्यायची. अर्धा वेळ वाया जातो असं पुस्तकात वाचलं की वाटतं. भांडवल मात्र जवळजवळ शून्य. आणि माल तोडला तिथेच हलका करून नेला की वाहतूकही वाचते. नवं की जुनं हा प्रश्न त्यांना पडतच नव्हता. लेथ विकत घ्यायची वस्तूच नव्हती.

आपल्याकडे बघितलं तरी हेच. जमिनीवर बसून एका हाताने धनुकली ओढणारा, दुसऱ्या हाताने आणि पायाच्या बोटांनी हत्यार सांभाळणारा कारागीर, हे चित्र एकोणिसाव्या शतकातल्या युरोपीय लेखकांना मागासलेपणाचं वाटायचं. त्यांची वाक्यं मी खर्ड्यात जशीच्या तशी वापरली होती, थोडी मऊ करून. यंत्राची किंमत न विचारता यंत्राची पायरी ठरवली, ही चूक त्यांची होतीच, पण माझीही झाली. मराठीत सूतही कातायचं आणि लाकूडही. कातकाम करणारा तो कातारी, आणि त्याच्या हातून निघालेलं ते कातीव. (कातकरी हा शब्द यातला नाही. तो खैराच्या कातावरून आलाय. मी एका तळटीपेत हा घोळ केला होता, तुम्ही करू नका.) भाषेत एवढा मुरलेला धंदा, आणि माझ्या चाळीस पानांत त्याला दीड परिच्छेद.

मग पुरावा कुठून आणायचा? यॉर्कमधल्या कॉपरगेटने वाट दाखवली. त्या रस्त्याच्या नावाचा अर्थच पेले करणाऱ्यांचा रस्ता. १९७६ ते १९८१ मधल्या उत्खननात तिथे दहाव्या शतकाच्या सुमाराचा कातकामाचा कचरा निघाला. वाडगा कातल्यावर आतून सुटणारे लाकडाचे गाभे. आख्खं लेथ नाही, गाभे. ओल्या मातीत लाकूड टिकलं म्हणून. कारागीर हजार वर्षांपूर्वी जे फेकत होते त्यावरून ते काय करत होते हे कळतं.

माझ्याकडे ओली माती नाही, पण स्वयंपाकघरं आहेत. लाटणं उचला आणि टोकं बघा. धनुकलीच्या किंवा दांड्याच्या लेथवर लाकूड दोन स्थिर अणकुच्यांमध्ये फिरतं, म्हणून दोन्ही टोकांना सारखाच छोटा गोल खड्डा राहतो. मोटारीच्या लेथवर एका बाजूने दातेरी टोक लाकडात घुसून त्याला फिरवतं, म्हणून तिथे चिरा पडतात. अर्थात टोकं घासून किंवा कापून टाकली असतील तर काहीच कळत नाही, आणि असं बरेचदा होतं. तरी खाटेचे पाय, पाळण्याचे खांब, भोवरे हे सगळं आता माझ्या यादीत आहे.

तेवीस पानांची सहा झाली. सरांनी खर्डा परत दिला तेव्हा समासात फक्त "बरं" लिहिलं होतं.

लेथ शेवटी जुनंच घेतलं, एका बंद पडलेल्या वर्कशॉपमधलं. रंग उडालेला, बेडवर गंज, पण स्पिंडल गच्च. नव्याला वॉरंटी मिळते आणि सुटे भाग मिळतात, एकटी शिकणारी असाल आणि सोबत काका नसतील तर नवं घ्या. पट्टा बदलला, टोकांना धार लावली. पहिलं लाटणं वाकडं झालं. आजीने ते ठेवून घेतलंय, तिचं जुनं मला दिलंय. त्याच्या दोन्ही टोकांना खड्डे आहेत.