भांडारसूचीची ओळ : एका संगणकीय फाईलचा इतिहास आणि मराठी वाचक

रायगड जिल्ह्यातील चिरनेर हे गाव २५ सप्टेंबर १९३० च्या जंगल सत्याग्रहामुळे इतिहासात नोंदले गेले. अक्कादेवीच्या डोंगरावर जमलेल्या सत्याग्रहींवर पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात ८ जणांना वीरमरण आले. या प्रसंगाच्या मुळाशी एक प्रश्न होता : ज्या साठ्यावर लोकांचे जीवन अवलंबून आहे, त्यातून काय घ्यावे व कोणी घ्यावे, याचा नियम कोठे लिहिला जातो आणि तो बदलण्याचा अधिकार कोणास असतो? त्या बलिदानाशी संगणकाच्या व्यवहाराची बरोबरी करणे अनुचित ठरेल. तथापि साठा आणि नियम यांच्या संबंधाचा हा प्रश्न आज चिरनेरसारख्या गावातील टेबलावरच्या संगणकातही, सौम्य स्वरूपात का होईना, उपस्थित होतो. तेथे त्याचे उत्तर एका साध्या मजकुराच्या फाईलमध्ये लिहिलेले असते.

ही फाईल कशी निर्माण झाली हे पाहणे उद्बोधक आहे. इयन मर्डॉक यांनी ऑगस्ट १९९३ मध्ये डेबियन या लिनक्स-प्रणालीची घोषणा केली. प्रारंभी 'डीपीकेजी' हे साधन हाती आलेले एकेक पॅकेज संगणकावर बसवीत असे. परंतु त्या पॅकेजला आणखी कोणती पॅकेजे लागतात, ती शोधून आणण्याचे काम वापरणाऱ्यालाच करावे लागे. मार्च १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डेबियन २.१ या आवृत्तीबरोबर 'ॲप्ट' हे साधन आले आणि ही अडचण बव्हंशी दूर झाली. पॅकेजे कोणत्या भांडारातून आणावयाची, हे ॲप्टला 'सोर्सेस डॉट लिस्ट' नावाच्या फाईलवरून कळे. तिच्या प्रत्येक ओळीत चार गोष्टी क्रमाने येत : पॅकेजचा प्रकार, भांडाराचा पत्ता, आवृत्तीचे नाव आणि भांडारातील विभाग. ओळीच्या आरंभी एक विशिष्ट चिन्ह घातले की ती ओळ निष्प्रभ होई. चिन्ह काढले की पुन्हा अंमलात येई. अर्थात, फाईल बदलल्यावर भांडाराची यादी नव्याने मागवावी लागे. एरवी संगणक जुन्याच यादीवर विसंबून राही.

भारतात या फाईलचा एक उपयोग विशेष महत्त्वाचा ठरला. सर्वसामान्यांना इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ पासून उपलब्ध झाले असले, तरी पुढील कित्येक वर्षे टेलिफोनच्या तारेवरून मोठी पॅकेजे उतरविणे वेळेच्या व खर्चाच्या दृष्टीने कठीणच होते. परंतु भांडाराचा पत्ता दूरच्या संगणकाचाच असला पाहिजे असे बंधन या फाईलने घातले नव्हते. सीडीचा किंवा स्वतःच्या संगणकातील एखाद्या निर्देशिकेचा पत्ताही तेथे लिहिता येई. मासिकांबरोबर मिळणाऱ्या किंवा टपालाने आलेल्या सीडीवरून प्रणाली चालविणाऱ्यांना ही सोय मोलाची होती. उबुंटूच्या सीडी २००५ ते २०११ या काळात मागणी करणाऱ्यांस टपालाने विनामूल्य पाठविल्या जात.

स्वातंत्र्याबरोबर विश्वासाचा प्रश्नही आला. कोणताही पत्ता लिहिता येतो, म्हणजे अविश्वसनीय पत्ताही लिहिता येतो. एप्रिल २००७ च्या डेबियन ४.० पासून भांडाराच्या यादीवरील सांकेतिक स्वाक्षरी तपासण्याची व्यवस्था अंगभूत झाली. पुढे ओळींच्या जागी नावे दिलेल्या रकान्यांची मांडणी पुढे आली, आणि कोणत्या भांडारासाठी कोणती किल्ली ग्राह्य धरावी हेही त्यातच नोंदविता येऊ लागले. उबुंटूने एप्रिल २०२४ च्या आवृत्तीपासून आपल्या मुख्य भांडारांसाठी हीच मांडणी स्वीकारली. तरीही स्वाक्षरीने पॅकेज कोणाकडून आले एवढेच सिद्ध होते. पाठविणारा भरवशाचा आहे की नाही, हा निर्णय फाईल लिहिणाऱ्याकडेच राहतो. भिन्न आवृत्त्यांची भांडारे एकत्र लिहिल्यास पॅकेजांचा परस्परमेळ बिघडतो. आवृत्तीची मुदत संपली की तिची पॅकेजे जुन्या आवृत्त्यांच्या संग्रहात हलविली जातात आणि आधीचा पत्ता निरुपयोगी होतो. पत्ता सुधारून जुनी पॅकेजे पुन्हा मिळविता येतात, परंतु सुरक्षिततेच्या नव्या दुरुस्त्या त्यामुळे मिळू लागत नाहीत.

या इतिहासात महाराष्ट्राचा वाटा आहे. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅक या संस्थेने डेबियनच्या आधारावर 'बॉस' ही प्रणाली तयार करून २००७ मध्ये प्रसिद्ध केली. 'लोहित' या भारतीय लिप्यांच्या अक्षरसंचाची देखभाल रेड हॅटच्या पुणे येथील तंत्रज्ञांनी केली. २०११ मध्ये हा संच मुक्त अक्षरसंच-परवान्याखाली आला. आज त्यातील देवनागरी अक्षरे डेबियनच्या भांडारातून एका पॅकेजच्या रूपाने कोणत्याही गावात पोहोचू शकतात. मुंबईच्या आयआयटीतील स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने लिनक्सचे पाठ मराठीसह अनेक भारतीय भाषांत उपलब्ध केले.

येथे एक विसंगती लक्षात घेतली पाहिजे. फेब्रुवारी २००९ मध्ये आलेल्या डेबियन ५.० ची स्थापना ६३ भाषांतून करता येत होती आणि त्या आवृत्तीत नव्याने आलेल्या भाषांत मराठीही होती. म्हणजे प्रणाली संगणकावर बसविताना वाचकास मराठीत प्रश्न विचारले जात. परंतु ती बसल्यानंतर जिच्यावर सर्व पुरवठा अवलंबून राही, त्या फाईलमधील शब्द रोमन लिपीतील व इंग्रजीच राहिले. यंत्राला ठरलेलेच शब्द समजतात, म्हणून हे अपरिहार्य आहे. त्या शब्दांचा अर्थ मराठीत सांगणे मात्र अशक्य नाही.

नियम साध्या मजकुरात, वापरणाऱ्याच्याच संगणकावर आणि त्याच्या हाताने बदलता येईल असा ठेवणे, हे या परंपरेचे खरे योगदान होय. परंतु जो नियम वाचता येत नाही, तो बदलण्याची मुभा कागदावरच राहते. गावातील शाळेचा किंवा वाचनालयाचा संगणक बंद पडल्यासारखा वाटतो, तेव्हा पुष्कळदा त्याला केवळ एका ओळीतील जुना पत्ता बदलून हवा असतो. ती ओळ वाचू शकणारा एक माणूस गावात असेल, तर तो संगणक भंगारात जात नाही.