ऑफलीची दुर्बीण

आयर्लंडच्या नकाशात साधारण मध्यावर बोट ठेवले, तर ऑफली काउंटी सापडते. काउंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा भाग. इथे समुद्र नाही, मोठे शहर नाही. दलदलीतले पीट कापून वाळवायचे आणि सरपण म्हणून जाळायचे, ही इथली जुनी रीत. आकाशही बहुतेक दिवस ढगाळ. तरीही १८४५ पासून १९१७ पर्यंत जगातील सर्वांत मोठ्या आरशाची दुर्बीण याच काउंटीतल्या बर नावाच्या छोट्या गावी होती. हे कसे घडले?

बरच्या गढीत विल्यम पार्सन्स हे जमीनदार राहत. ते तिसरे लॉर्ड रॉस. दुर्बिणीसाठी त्यांना १८३ सेंटिमीटर व्यासाचा आरसा हवा होता. काचेवर चांदीचा मुलामा देऊन दुर्बिणीचे आरसे करण्याची पद्धत तेव्हा आलेली नव्हती. म्हणून तांबे आणि कथील यांच्या मिश्रधातूचा आरसा ओतायचे ठरले. हा मिश्रधातू छान चमकतो, पण काचेसारखा ठिसूळ असतो. घाईने थंड केला की तडकतो. म्हणून ओतीव तबकडी भट्टीत ठेवून कित्येक आठवडे सावकाश निववावी लागे. भट्टीला इंधन होते तेच दलदलीतले पीट. आरशाचे वजन सुमारे तीन टन भरले. तो घासून त्याला योग्य आकार देण्यासाठी रॉस यांनी वाफेवर चालणारे यंत्र बनवले. कारागीर बाहेरून आणले नाहीत. गावातल्याच माणसांना शिकवून तयार केले. आरसे बनवण्याची कृती गुप्त न ठेवता त्यांनी छापून प्रसिद्धही केली.

एप्रिल १८४५ मध्ये सप्तर्षीतील मरीची ताऱ्याजवळचा एक धूसर ठिपका या दुर्बिणीतून पाहताना त्यांना भोवऱ्यासारखे वळलेले फाटे दिसले. अशा दृश्याचे छायाचित्र घेणे तेव्हा शक्य नव्हते. डोळ्याने पाहायचे आणि हाताने चित्र काढायचे. असे ठिपके म्हणजे आपल्या आकाशगंगेबाहेरच्या स्वतंत्र दीर्घिका आहेत, हे निश्चित व्हायला १९२० चे दशक उजाडावे लागले. पण त्यांचा सर्पिल आकार प्रथम दिसला तो बरमध्ये.

त्याच वर्षी शरदात आयर्लंडमधील बटाट्याच्या पिकावर रोग पडला. पुढच्या काही वर्षांत भूक आणि साथी यांनी सुमारे दहा लाख माणसे मेली. लॉर्ड आणि लेडी रॉस दुष्काळनिवारणाच्या कामाला लागले आणि दुर्बीण बराच काळ पडून राहिली. दुर्बिणीमागचा पैसा जमीनदारीचा आणि लेडी रॉस यांच्या माहेरच्या संपत्तीचा होता, हेही विसरता येत नाही.

१८४८ मध्ये जॉर्ज जॉन्स्टन स्टोनी हा ऑफलीतच जन्मलेला तरुण इथे साहाय्यक म्हणून आला. विद्युतभाराच्या मूळ एककाला 'इलेक्ट्रॉन' हे नाव १८९१ मध्ये त्यानेच सुचवले. रॉस यांचा धाकटा मुलगा चार्ल्स शाळेत गेला नाही. घरी शिक्षक येत आणि उरलेला वेळ वडिलांच्या कर्मशाळेत जाई. १८८४ मध्ये त्याने वाफेचे टर्बाइन बनवले. आजही औष्णिक वीजकेंद्रात वाफेने टर्बाइनच फिरते.

रॉस यांची चुलतबहीण मेरी वॉर्ड हिचा जन्मही ऑफलीतलाच, १८२७ चा. दुर्बीण उभी राहत असताना तिने तिची चित्रे काढली. सूक्ष्मदर्शकातून पाहून तिने लिहिलेले पुस्तक १८५७ मध्ये खासगीरीत्या छापले गेले. विद्यापीठाची दारे स्त्रियांना तेव्हा बंद होती. लंडनच्या रॉयल सोसायटीने पहिल्या स्त्री सदस्य निवडल्या त्या १९४५ मध्ये. ३१ ऑगस्ट १८६९ रोजी बरमधल्या एका वळणावर मेरी रॉस कुटुंबाच्या वाफेच्या गाडीतून खाली पडली आणि चाकाखाली सापडून मरण पावली. मोटारगाडीच्या अपघातात बळी गेलेली जगातील पहिली व्यक्ती म्हणून तिचे नाव घेतले जाते. तिचे पुस्तक मात्र थोड्यांनाच ठाऊक असते.

१९९० च्या दशकात ही दुर्बीण दुरुस्त करून पुन्हा उभी केली गेली. मुलांना तिच्याविषयी सांगताना रॉस यांच्या बरोबरीने पीटची भट्टी राखणाऱ्या कारागिरांचा आणि मेरी वॉर्डचाही उल्लेख करावा. त्यांना वगळले तर बरची गोष्ट अर्धीच राहील.