पीएचपी आणि डेटाबेस : आज्ञा वेगळी, माहिती वेगळी

मराठी विकिपीडियावर ‘फलटण’ या शीर्षकाचे पान मागितले, की सातारा जिल्ह्यातील या शहराची माहिती क्षणार्धात पडद्यावर येते. १ मे २००३ रोजी सुरू झालेला हा ज्ञानकोश ‘मीडियाविकी’ या प्रणालीवर चालतो. ही प्रणाली ‘पीएचपी’ या भाषेत लिहिलेली असून, लेखांच्या नोंदी ‘मारियाडीबी’ या डेटाबेसमध्ये साठवलेल्या असतात.

रॅसमस लेर्डॉर्फ यांनी १९९५ मध्ये खुली केलेली पीएचपी सर्व्हरवर चालते. वाचकाच्या संगणकावर केवळ तयार पान पोहोचते. त्यामागे चार टप्पे असतात : डेटाबेसशी जोडणी करणे, ‘एसक्यूएल’ भाषेत क्वेरी पाठवणे, मिळालेल्या ओळी वाचणे आणि त्यांतून पान रचणे. नोंदी शोधण्यासाठी ‘सिलेक्ट’, नवी नोंद करण्यासाठी ‘इन्सर्ट’, बदलासाठी ‘अपडेट’ आणि काढून टाकण्यासाठी ‘डिलीट’ अशा आज्ञा आहेत. वारंवार मागितल्या जाणाऱ्या पानांची तयार प्रत जपून ठेवली जाते. त्यामुळे डेटाबेसवरील भार हलका होतो.

खरा धोका दुसऱ्या टप्प्यात असतो. वाचकाने लिहिलेला शब्द आज्ञेच्या वाक्यात जसाच्या तसा जोडला, तर तो शब्दही आज्ञा बनू शकतो. ‘फलटण’पुढे अवतरणचिन्ह बंद करून कोणी ‘किंवा १ = १’ या अर्थाची अट एसक्यूएलमध्ये लिहिली, तर ती अट प्रत्येक नोंदीला लागू पडते आणि एका शहराऐवजी संपूर्ण तक्ता उघड होतो. यालाच ‘एसक्यूएल इंजेक्शन’ म्हणतात.

यावर उपाय म्हणजे ‘प्रिपेअर्ड स्टेटमेंट’. यात शब्दाच्या जागी प्रश्नचिन्ह ठेवून आज्ञेचा साचा आधी पाठवला जातो व शब्द नंतर स्वतंत्रपणे दिला जातो. त्यामुळे त्यात काहीही लिहिलेले असले, तरी डेटाबेस त्याला माहितीच मानतो. ‘मायएसक्यूएलआय’ आणि ‘पीडीओ’ या दोन्ही विस्तारांत ही सोय आहे. ती नसलेला जुना ‘मायएसक्यूएल’ विस्तार डिसेंबर २०१५ मध्ये आलेल्या पीएचपी ७ मधून वगळण्यात आला.

मराठीसाठी आणखी एक दक्षता आवश्यक ठरते. यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. म्हणजे ‘फलटण’ची चार अक्षरे बारा बाइट व्यापतात. जोडणी करतानाच ‘यूटीएफ८एमबी४’ हा अक्षरसंच निश्चित न केल्यास अक्षरांऐवजी प्रश्नचिन्हे उमटण्याची शक्यता असते.